जिव्हाबद्धता व वाचोपचार

जिभेची खालची बाजू आणि मुखाचा तळ यांना जोडणारी श्लेष्मल पटलाची घडी जन्मतःच आखूड, जाड किंवा ताठ असल्यामुळे अथवा ती जिभेच्या टोकापर्यंत आलेली असल्यामुळे जिभेच्या हालचालींस मर्यादा पडते. या अवस्थेस जिव्हाबद्धता म्हणतात व त्या घडीस जिव्हाबंध म्हणतात. व्यवहारात ‘जीभ चिकटलेली असणे’, ‘जीभ जड असणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. जिव्हाबंधाचा छेद घेऊन जीभ मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लहान व बहुतांशी निर्धोक आहे. तथापि जीभ मोकळी होणे आणि उच्चार शुद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी होत. उच्चार ही शिकून अंगवळणी पडलेली क्रिया आहे. शस्त्रक्रियेने हालचालीस वाव मिळतो; त्या वावाचा उपयोग करण्यास मुलाला शिकवावे लागते. हे शिक्षण म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा वाचोपचार होय.

ही गोष्ट वैद्यकास नवीन नाही. इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने आपल्या वैद्यकविषयक ग्रंथात जन्मतः जखडलेल्या जिभेच्या छेदनाचे वर्णन केले आहे. जखम भरल्यावर बहुतेक रुग्ण बोलू लागतात, असे सांगून त्याने एका अपवादाची नोंद केली आहे : त्या रुग्णाची जीभ छेदानंतर दातांच्या पुष्कळ पुढे येऊ लागली, तरीही त्यास बोलण्याचे सामर्थ्य लाभले नाही. हा अपवाद कशामुळे घडतो, याचा उलगडा मात्र उच्चारप्रक्रियेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाल्यावरच होऊ शकला.

रचना व कारणे : गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यापासून जिभेची जडणघडण सुरू होते. प्रारंभी ती मुखाच्या तळाशी एकरूप असते. पुढे मधल्या पेशींचा ऱ्हास होऊन तिचा पुढील भाग सुटा होतो व मध्यरेषेवर केवळ एक घडी उरते [⟶ जीभ]. हे सुटे होणे अपुरे राहिले, तर जिव्हाबद्धता उद्भवते. जिव्हाबंध ही एक स्वतंत्र दोरीसारखी पट्टी आहे, अशी पूर्वी समजूत होती. न्यूझीलंडमधील निकी मिल्स व त्यांचे सहकारी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शारीरविषयक अभ्यासाने ती बदलली. जीभ वर उचलली जाताना मुखतळाच्या प्रावरणीचा थर ताणला जाऊन ही घडी उभी राहते, असे त्यांनी दाखविले. त्यामुळे घडी दिसणे हा दोष नव्हे. ती प्रत्येकाच्या तोंडात कमीअधिक प्रमाणात असतेच.

निरनिराळ्या पाहण्यांत नवजात अर्भकांमधील जिव्हाबद्धतेचे प्रमाण साधारणतः ४ ते १० टक्के आढळले आहे. निदानाचे निकष एकसारखे नसल्यामुळे या आकड्यांत तफावत पडते. मुलींपेक्षा मुलांत ही अवस्था अधिक आढळते व काही कुटुंबांत ती आनुवंशिक असते. बहुतेक मुलांत तिच्याबरोबर अन्य कोणतीही विकृती नसते.

निदान : अमेरिकन दंतवैद्य लॉरेन्स कोटलो यांनी १९९९ मध्ये जिव्हाबंध जेथे जिभेस चिकटतो तेथपासून टोकापर्यंतच्या मोकळ्या भागाच्या लांबीवरून वर्गीकरण सुचविले. ही लांबी १६ मिमी.पेक्षा अधिक असल्यास ती प्राकृतिक मानावी. १२ ते १६ मिमी. सौम्य, ८ ते ११ मिमी. मध्यम, ३ ते ७ मिमी. तीव्र व ३ मिमी.पेक्षा कमी असल्यास पूर्ण बद्धता समजावी, असे हे वर्गीकरण आहे. परंतु केवळ लांबीवरून निर्णय घेता येत नाही. जीभ बाहेर काढता येते का, काढल्यावर तिचे टोक बदामाच्या आकृतीप्रमाणे मध्यभागी खाचले जाते का, तोंड उघडे असताना टोक वरच्या दातांमागील हिरडीपर्यंत पोचते का, ती दोन्ही बाजूंस वळते का, या हालचाली पाहणे अधिक महत्त्वाचे असते. दातांत अडकलेले अन्नकण जिभेने काढता न येणे, ओठ चाटता न येणे यांसारख्या तक्रारी मोठ्या मुलांत आढळतात.

उच्चारांवरील परिणाम : मराठीच्या वर्णमालेत व्यंजनांची मांडणी उच्चारस्थानांनुसार केलेली असल्याने जिव्हाबद्धतेचा परिणाम कोणत्या वर्णांवर होईल, हे ठरविण्यास ती फार उपयोगी पडते. जिव्हाबंध जिभेच्या टोकाला खाली ओढून धरतो. म्हणून ज्या वर्णांसाठी टोक वर उचलावे लागते त्यांनाच बाधा पोचण्याचा संभव असतो. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठांनी उच्चारले जातात. क, ख, ग, घ हे वर्ण जिभेचा मागील भाग मऊ टाळ्यास लावून उच्चारले जातात. स्वरांचा भेद मुख्यत्वे जिभेच्या मधल्या व मागल्या भागाच्या उंचीने आणि ओठांच्या आकाराने होतो. या सर्वांशी टोकाचा संबंध नसल्यामुळे त्यांतील दोष जिव्हाबंधामुळे उद्भवत नाहीत.

त, थ, द, ध या दंत्य वर्णांसाठी टोक वरच्या दातांना, तर न, ल, र, स यांसाठी दातांमागील हिरडीला लागते किंवा तिच्या निकट येते. मराठीत च व ज यांचे दुहेरी उच्चार आहेत. ‘चाक’, ‘जग’ यांतील दंततालव्य उच्चारात टोकाजवळचा भाग पुढे लागतो. ‘चार’, ‘जीव’ यांतील तालव्य उच्चारात जिभेचे पाते टाळ्याकडे जाते. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ या मूर्धन्य वर्णांसाठी टोक मागे वळवून कठीण टाळ्यास लावावे लागते. र मध्ये टोक हिरडीवर झरझर आपटते. त्यासाठी उंचीबरोबरच चपळाई आणि योग्य ताण लागतो. म्हणून तीव्र जिव्हाबद्धतेत ल, र, ळ व टवर्ग यांवर परिणाम होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

यावरून एक व्यावहारिक कसोटी मिळते. ‘काका’ऐवजी ‘ताता’ आणि ‘खाऊ’ऐवजी ‘थाऊ’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ जड आहे, असे घरात सहज म्हटले जाते. वस्तुतः त उच्चारण्यासाठी टोक वरच्या दातांपर्यंत उचलावे लागते आणि हे मूल तेच करीत असते. त्याचा दोष जिव्हाबंधात नाही. पुढच्या व मागच्या उच्चारस्थानांतील भेद त्याला अद्याप साधलेला नाही. त्याचप्रमाणे ‘राम’ला ‘लाम’ म्हणणारे मूल स्पष्ट ल उच्चारीत असेल, तर त्याची जीभ हिरडीपर्यंत पोचते हे सिद्धच होते. र, ळ, स आणि जोडाक्षरे हे उच्चार मुले सर्वांत शेवटी आत्मसात करतात. म्हणून लहान वयातील ‘लाम’ बहुधा वयानुसारच असतो. उलट, तोंड थोडे उघडून जबडा स्थिर ठेवला असता ज्या मुलाचे टोक हिरडीला लागतच नाही व ज्याचे ल, र, ळ हे तिन्ही वर्ण बिघडतात, त्याच्या बाबतीत जिव्हाबंधाचा विचार करणे योग्य ठरते.

बोलीभेद हाही दोष समजू नये. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि अनेक बोलींत ण च्या जागी न येतो. घरातील मोठी माणसे जे उच्चार करतात तेच मूल करीत असेल, तर त्यास उपचाराची गरज नसते.

जिव्हाबद्ध मुलांपैकी पुष्कळांचे उच्चार शस्त्रक्रियेविनाही शुद्ध असतात, कारण जिभेचे पाते वापरून किंवा जबडा वर आणून ती ही उणीव भरून काढतात. ऑस्ट्रेलियात २ ते ४ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शस्त्रक्रिया झालेली जिव्हाबद्ध मुले, न झालेली जिव्हाबद्ध मुले आणि जिव्हाबद्धता नसलेली मुले यांच्या उच्चारांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ञांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या सहमतिपत्रात, जिव्हाबद्धतेचा उच्चारांवर सामान्यतः परिणाम होत नाही व मोठ्या मुलात उच्चारांची तक्रार असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी वाचोपचारतज्ञाचा सल्ला घेणे इष्ट आहे, असे मत व्यक्त झाले आहे.

वाचाविलंब व बहिरेपणा : मूल उशिरा बोलू लागणे आणि अस्पष्ट बोलणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत. जिव्हाबंधामुळे एखादा वर्ण बिघडेल. परंतु मूल शब्दच बोलत नसेल, तर त्याचे कारण जिभेखाली शोधू नये. एक वर्षाच्या सुमारास बडबड नसणे, सुमारे सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न येणे आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता न येणे ही तपासणीची निकड दाखविणारी लक्षणे आहेत. अशा वेळी प्रथम श्रवणशक्तीची परीक्षा करणे अगत्याचे असते [⟶ बहिरेपणा]. बौद्धिक विकासातील विलंब, स्वमग्नता व अन्य भाषिक विकार यांचाही विचार करावा लागतो. जिव्हाबंध छेदला की मूल बोलू लागेल, या आशेने पालक थांबून राहिले, तर भाषा शिकण्याचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो. पुढे बहिरेपणाचे निदान झाले, तरी हा गेलेला काळ भरून काढणे कठीण असते. शस्त्रक्रियेत इजा होण्याचा धोका अल्प असला, तरी तिच्यामुळे खऱ्या निदानास होणारा उशीर हा मोठा धोका होय. बोबडेपणा आणि तोतरेपणा यांतील भेदही लक्षात ठेवावा. तोतरेपणात बोलण्याचा ओघ अडखळतो; त्याचा जिव्हाबंधाशी संबंध नाही. जिभेवर वेखंड उगाळून चाटविण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिने जिव्हाबंधाच्या लांबीत किंवा ताठपणात बदल होत नाही.

शस्त्रक्रिया : नवजात अर्भकात स्तनपानास अडचण येत असल्यास जिव्हाबंधाचा साधा छेद घेतात. पाच यादृच्छिक चाचण्यांतील ३०२ अर्भकांविषयीच्या माहितीवर आधारलेल्या २०१७ मधील कॉक्रेन आढाव्यानुसार, या छेदाने मातेच्या स्तनाग्रांची वेदना काही काळ कमी होते. अर्भकाच्या स्तनपानावरील परिणाम मात्र सर्व चाचण्यांत सारखा आढळला नाही. पुढे वाचादोष होऊ नये म्हणून तक्रार नसलेल्या अर्भकाची शस्त्रक्रिया करण्यास पुरेसा आधार नाही. मोठ्या मुलांत बंध जाड असल्यास तो छेदून, कडांची मांडणी बदलून टाके घालतात व त्यासाठी बहुधा शुद्धिहरण करावे लागते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मुखतळातील लालानलिकांना इजा आणि व्रण आखडून जीभ पुन्हा बद्ध होणे हे संभाव्य उपद्रव असले, तरी ते क्वचितच होतात. जखमेवर काही दिवस पांढरट-पिवळसर थर दिसतो. तो पू नसून भरून येण्याच्या क्रियेचा भाग असतो. जखम साधारणतः एक ते दोन आठवड्यांत भरते.

वाचोपचाराची आवश्यकता : अर्भकावस्थेत शस्त्रक्रिया झालेल्या मुलास वाचोपचाराची गरज सहसा नसते, कारण त्या वयात उच्चारांच्या सवयी जडलेल्याच नसतात, त्याच्या भाषाविकासावर इतर मुलांप्रमाणेच लक्ष ठेवावे. तीन-चार वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची स्थिती वेगळी असते. एव्हाना त्याने सदोष उच्चार हजारो वेळा केलेले असतात. ल साठी टोक उचलण्याऐवजी सबंध जबडा वर आणणे, टोक खालच्या दातांमागे ठेवून पात्याने काम भागविणे, जीभ दातांमधून बाहेर काढणे किंवा अवघड वर्णाऐवजी सोपा वर्ण योजणे या त्याच्या सवयी झालेल्या असतात. शिवाय आपला उच्चार त्याच्या कानाला बरोबरच वाटतो. बंध छेदला गेला, तरी सवय आणि कान हे दोन्ही पूर्वीचेच राहतात. सेल्ससने नोंदविलेल्या अपवादासारखे रुग्ण आजही आढळतात, त्यांमागे हे एक प्रमुख कारण असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच वाचोपचारतज्ञाने मुलाचे उच्चार नोंदवून ठेवणे श्रेयस्कर असते. परिचित वस्तूंची चित्रे दाखवून प्रत्येक व्यंजन शब्दाच्या आरंभी, मध्ये व शेवटी कसे येते ते पाहतात. मोकळ्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण करतात. आणि बिघडलेल्या वर्णांपैकी कोणते जिभेच्या टोकाशी निगडित आहेत, ते वेगळे काढतात. या नोंदीमुळे शस्त्रक्रियेचा लाभ होईल का याचा अंदाज येतो व नंतरची प्रगती मोजता येते. काही मुलांच्या बाबतीत केवळ वाचोपचाराने काम भागून शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही.

उपचारपद्धती : जखम भरून वेदना थांबल्यावर उपचारास प्रारंभ करतात. उच्चारदोषांवरील पायरीपायरीच्या पद्धतीस व्यवस्थित रूप देण्यात अमेरिकन वाचोपचारतज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–९४) यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे. या विषयावरील त्यांचा पाठ्यग्रंथ प्रथम १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत प्रथम कान, मग जीभ व शेवटी सवय असा क्रम असतो.

पहिली पायरी श्रवणभेदाची होय. तज्ञ शुद्ध व अशुद्ध उच्चार करून दाखवितो आणि मुलाने त्यांतील फरक ओळखायचा असतो. यासाठी एकाच वर्णाने भिन्न असलेल्या शब्दांच्या जोड्या वापरतात. उदा., ल व ळ यांसाठी काल–काळ, वेल–वेळ. र व ल यांसाठी रात–लात, तार–ताल. जोडीतील चित्रांपैकी ऐकलेल्या शब्दाच्या चित्रावर मूल बोट ठेवते. वर्ण बदलला की अर्थ बदलतो, हे त्याच्या ध्यानात येणे महत्त्वाचे असते.

दुसऱ्या पायरीत उच्चारस्थान शिकवितात. मूल व तज्ञ आरशासमोर बसतात. ल साठी तोंड बोटभर उघडून, जबडा न हलविता टोक वरच्या दातांमागील हिरडीवर टेकवून आवाज काढावयास सांगतात. जबडा वर येत असल्यास हनुवटीस हलकेच आधार देतात. र साठी हिरडीवर टोकाचे हलके व जलद आघात करवितात किंवा ‘ट्र’, ‘त्र’ यांसारख्या जोडाक्षरांतून तो साधण्याचा प्रयत्न करतात. ल पक्का झाला म्हणजे टोक मागे वळवून ळ कडे नेतात. तो शब्दारंभी येत नसल्याने ‘आळा’, ‘ओळ’ अशा स्वरयुक्त आकृतींत शिकविणे सोयीचे जाते.

पुढे सुटा वर्ण, मग ‘ला, ली, लू’ यांसारखी अक्षरे, नंतर शब्द, वाक्ये, गोष्ट सांगणे आणि अखेरीस मोकळे संभाषण असा चढता क्रम ठेवतात. एक पायरी बहुतांशी निर्दोष झाल्याशिवाय पुढची घेत नाहीत. शेवटची पायरी सर्वांत कठीण असते. तज्ञासमोर शुद्ध ‘शाळा’ म्हणणारे मूल अंगणात खेळताना पुन्हा ‘शाला’ म्हणते. नवा उच्चार लक्ष न देताही येऊ लागला म्हणजेच उपचार पूर्ण झाला, असे समजतात. आठवड्यातून एक-दोन बैठका घेतल्यास बहुतेकांना काही महिन्यांचा अवधी लागतो. मुलाचे वय, दोषांची संख्या व घरचा सराव यांवर तो अवलंबून असतो.

जिभेचे व्यायाम : जीभ बाहेर काढणे, ती नाकाकडे नेणे, गालात फिरविणे, ओठांवरील मध चाटणे यांसारखे व्यायाम शस्त्रक्रियेनंतर सांगितले जातात. हालचालीची भीती घालविण्यास त्यांचा काही उपयोग होतो. परंतु न बोलता केलेल्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात काढण्यात आला. उच्चारासाठी लागणारी हालचाल सूक्ष्म, जलद व ध्वनीशी बांधलेली असते. ती प्रत्यक्ष उच्चारातूनच शिकली जाते. अर्भकाची जखम वारंवार बोटाने ताणण्याच्या प्रथेसही भक्कम आधार नाही. तिने अर्भकास वेदना होतात व तोंडाला स्पर्श नकोसा वाटू लागतो.

पालक व शिक्षक : घरी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटांचा सराव दीर्घ बैठकीपेक्षा अधिक फलदायी ठरतो. तो चित्रे, पत्ते, भेंड्या यांसारख्या खेळांतून घ्यावा व तज्ञाने नेमून दिलेल्या पायरीपुरताच ठेवावा. इतर वेळी मुलाचे बोलणे मध्येच तोडू नये. मूल ‘लाम आला’ म्हणाले, तर ‘हो, राम आला’ असे सहजपणे शुद्ध रूप त्याच्या कानावर घालावे. तेच वाक्य पुन्हा म्हणावयास लावू नये. पाहुण्यांसमोर बोबडे बोल म्हणवून घेणे किंवा वर्गात त्यांची नक्कल होऊ देणे यांमुळे मूल बोलणेच टाळू लागते आणि उच्चारदोषापेक्षा हे मौन अधिक हानिकारक ठरते. शिक्षकाने अशा मुलाला मोठ्याने वाचण्यातून वगळू नये; सराव झालेल्या शब्दांचा छोटा उतारा त्याच्याकडून वाचून घ्यावा.

भारतातील सोयी : मुंबईतील टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय व नायर रुग्णालय येथे आणि म्हैसूर येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत या विषयाच्या शिक्षणाची सोय आहे. १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाने राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथे शिक्षणाबरोबर तपासणी व उपचारही होतात. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने (१९९२) या व्यवसायातील तज्ञांच्या नोंदणीची तरतूद केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्या व शाळा यांतील मुलांची तपासणी करतात व श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब इत्यादींसाठी त्यांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. तथापि प्रशिक्षित वाचोपचारतज्ञ मुख्यत्वे शहरांत आढळतात. तालुक्याच्या गावी जिव्हाबंध छेदणारा शल्यचिकित्सक मिळतो, पण उच्चार शिकविणारा मिळत नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. अशा ठिकाणी आधी श्रवणपरीक्षा व उच्चारांची नोंद, मग आवश्यक असल्यासच शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतर पालकांच्या हातून चालणारा, तज्ञाच्या देखरेखीखालील सराव हा क्रम पाळणे हितावह होय.